कोपरावरची मिठाची रेघ

बंगळुरात, आमच्या बसवनगुडीच्या भाड्याच्या घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी आली, तेव्हा मी बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करत होतो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. ही सवय तुला गेटवर ठेवून घरी येता येत नाही, असं बायको म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

त्याच वर्षी सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायचो, बायको अण्णा. बेळगावात त्यांनी उभा जन्म दगडी बांधकामावर मुकादमी केली होती. सासूबाई गेल्यावर एकटेच होते. बायकोने वर्षभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे खोली सोडून आले. "अण्णांना इथं पाहुण्यासारखं वाटू देऊ नकोस," तिने मला बजावलं होतं. एकदा उठून गेले तर पुन्हा बोलावणं कठीण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

टाकीची हौस माझी. समुद्राचं पाणी मंगळूरहून कॅनमधून आलं होतं, भोकाभोकांचे पोवळ्याचे दगड एका मित्राने रामेश्वरमकडून आणले होते. मी तळाला चार बोटं वाळू पसरली, वर डावीउजवीकडे दगडांचे दोन ढीग रचले आणि नायलॉनच्या दोऱ्याने बांधून टाकले. मामा खुर्चीत बसून बघत होते.

"जावईबापू, आधी दगड काचेवर टेकवा, वाळू मागनं घाला. वाळूवर पाया धरत नाही बघा."

"मामा, ही टाकी आहे, कंपाउंडची भिंत नाही." वर मी हेही ऐकवलं की न उकळलेली कुठलीही वस्तू या पाण्यात जाता कामा नये आणि माझ्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही.

आठवड्याभरात दोन्ही ढीग कोसळले. एक पट्ट्यांचा मासा दगडाखाली सापडून मेला. मी पुन्हा रचलं, दोरा दुप्पट केला. दहा दिवसांनी डावा ढीग पडला. पुन्हा रचला, पुन्हा पडला. प्रत्येक वेळी मी कारखान्यात, बायको तिच्या शाळेत. घरात फक्त मामा.

आता सांगायला लाज वाटते, पण मला त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं होतं. मी दगड उचलत असलो की ते मुद्दाम पेपरात डोकं घालतात, असं वाटायचं. आपलं खरं करण्यासाठी म्हातारा ढीग पाडतोय, हे मनात एकदा बसलं ते बसलंच. मग जे दिसेल ते त्यातच बसायला लागलं. मालकीणबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, सहज म्हणाल्या, "तुमचे मामा दुपारचे मागं बसून स्वल्प ठोकठोक करतात की. हातोडी घेऊन गेलेत माझी." मी मान डोलावली आणि तेही नोंदवून ठेवलं.

एका सकाळी निघताना टाकीच्या झाकणावर शिवणाचा दोरा आडवा ठेवला. संध्याकाळी दोरा जमिनीवर होता. मामांनी चहाचा कप घ्यायला हात पुढे केला, तर कोपराच्या वर पांढरी रेघ. वाळलेलं मीठ. आरोपी रंगेहाथ सापडल्याचा आनंद मला झाला, हे कबूल करतो.

"मामा, टाकीत हात घातलात?"

"व्हय, घातला."

"का?"

"दगड हलत होता."

"हलत होता, की हलवलात?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, धोतराच्या सोग्याने कोपर पुसलं आणि चहा न घेताच कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. पुतण्याच्या घराचं काम निघालंय, म्हणाले. बायको त्यांना बसवर सोडून आली आणि माझ्याशी बोलली नाही.

त्या रविवारी भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर डावा ढीग पडला. घरात मामा नव्हते. तळाशी राहणारा एक फिकट मासा ढिगाखालची वाळू तोंडात भरत होता आणि कल्ल्यांतून बाहेर सोडत होता. घास घास करून त्याने पाया पोखरला होता. तो मीच मोठ्या हौसेने आणला होता.

मी टाकी रिकामी करायला घेतली. मग उजव्या ढिगाकडे लक्ष गेलं. पहिल्या वेळेनंतर तो एकदाही पडला नव्हता आणि का पडला नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या धंद्यात चौकशी नापास मालाचीच होते. खालचा दगड उचलला, तर त्याखालची वाळू बाजूला सारलेली, आणि दगड आणि काच यांच्यामध्ये काळ्या दगडाच्या तीन कपच्या चपखल बसवलेल्या. गवंडी चिऱ्याखाली बसवतात तशा, पण कडा घासून गोल केलेल्या, काचेला ओरखडा येऊ नये म्हणून. डाव्या ढिगाचं काम व्हायच्या आधीच मी त्यांना पकडलं होतं.

कपच्या तळहातावर घेऊन मी बायकोसमोर उभा राहिलो. अण्णांना बसवर सोडून आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "अण्णा अर्धा तास उकळत होते त्या, तुला सांगू नको म्हणाले. तू सांगितलं होतंस ना, न उकळलेलं काही घालायचं नाही म्हणून."

मी रजा टाकून बेळगावला गेलो. पुतण्याच्या ओसरीवर मामा एकटेच बसले होते. घराचं कसलंही काम निघालेलं नव्हतं. "मामा, चुकलं माझं," मी म्हणालो. "पाया तुम्हीच घाला." त्यांनी विचारलं, "वाळू काढलीसा?" आणि ते आले.

ढीग त्यांनी एका सकाळी रचले, ते टाकी मोडेपर्यंत हलले नाहीत. पुढे मामा आमच्याकडे नऊ वर्षं राहिले. पण त्या दिवसापासून टाकीचं झाकण उघडण्याआधी ते माझ्याकडे बघून विचारत, "हात घालू नव्हं?" मग टीव्ही लावतानाही विचारू लागले. मग खिडकी उघडतानाही. मी दर वेळी हो म्हणायचो, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.