शेगडीकडचा पाइप

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं ते आईच्या हट्टापायी. लालबागला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही दोघंच राहतो, बाबा गेल्यापासून. ओटा खिडकीशी आला, की मी पुन्हा नीट रांधेन, असं तिचं म्हणणं. गॅसचा पाइप तिथवर न्यायचा आणि एक फाटा बाल्कनीतल्या गिझरला द्यायचा. मी हो म्हणालो. त्या वर्षी मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

पाइप टाइल्समागे लपवता येईल का विचारलं, तर फिटरनं मलाच झापलं. "उघडाच ठेवायचा साहेब. लीक झाला तर कळायला नको?" नव्या टाइल्सवरून पिवळा पाइप गेला. वाईट दिसत होता. मी वाद घातला नाही.

जोडणी झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. परत आलो तर दारातच गॅसचा भपकारा आला. फिटर बाल्कनीत होता. आई ओट्याला टेकून उभी होती, जॉइंटपासून हातभर अंतरावर. कॉक उघडून त्यानं तिथूनच तिला विचारलं होतं, "वास येतो काय काकी?" आणि ती म्हणाली होती, "नाय रे, कसलोच नाय."

मी धावत जाऊन कॉक बंद केला. खिडक्या उघडल्या. फिटरनं सैल राहिलेला नट आवळला आणि साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही.

"काकी, सर्दी झालीय?"

"सर्दी नाय. तापानंतर वासच गेलाय. वर्ष होत आलं."

आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. आई जन्मभर वासावर रांधत आली. वर्षभर डाळ खाली लागत होती, फोडणी करपत होती. मला वाटायचं, बाबांच्या दुःखानं तिचं लक्ष नाही. मी मुकाट खात होतो, ती मुकाट वाढत होती.

"शेगडी जोडू ना?" फिटरनं मला विचारलं.

"त्याला कशाला विचारतोस?" आई म्हणाली. "गिझरचं राहू दे. शेगडीकडचं तोंड बंद करून टाक."

ते मला बोलावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं. तेवढंच वाटलं.

त्यानं टोपण आवळलं, हत्यारं पिशवीत भरली. घरी आलेल्या कामगाराला आईनं कधी चहाशिवाय सोडलं नव्हतं.

"थांब रे, चहा टाकते," ती म्हणाली, आणि पातेलं हातात घेऊन तशीच ओट्यापाशी उभी राहिली.