बसल्या जागी सांगितलेला बिघाड

वसंता मिस्त्रीला इंजिनाचा आवाज लांबून कळतो, अशी नवीन जालन्यात ख्याती होती. स्टेशनजवळच्या त्याच्या गॅरेजसमोर चहाचा गाडा होता. गाड्यावरच्या बाकावर बसून तो येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायचा आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आत बिघाड सांगायचा. दहापैकी नऊ वेळा तो बरोबर निघे. लोक हे बघायला थांबत, आणि ते थांबतात हे त्यालाही माहीत होते.

१९८८च्या मार्चमध्ये बियाण्यांचे व्यापारी अप्पाराव यांची जुनी अँबेसेडर त्याच्याकडे आली. चालवत होता आष्टीचा मच्छिंद्र, सहा वर्षे त्यांच्याकडे नोकरीला. मागे स्वतः अप्पाराव होते. गाडी थांबली तरी इंजिन चालू होते आणि खालून जड, ठरावीक टकटक येत होती.

"बेअरिंग गेलं," वसंता बाकावरूनच म्हणाला. "ऑइल न बघता पळवली की असंच व्हतं, अप्पासाहेब."

"मी रोज सकाळी ऑइलची काडी काढून बघून राह्यलो, मिस्त्री," मच्छिंद्र म्हणाला.

"काय बघतो? काडी, का टाकीजवरचं पोस्टर?"

गाड्याभोवतीचे सगळे हसले. अप्पारावही हसले, आणि मग हसायचे थांबले. त्याच दुपारी त्यांनी मच्छिंद्रला कामावरून काढले.

तपासायला पाच मिनिटे पुरली असती. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. बेअरिंग गेलेले असेल तर त्या सिलिंडरचा जोर जाताच टकटक मंदावते. तशीच राहिली तर दोष दुसरीकडे शोधायचा. वसंता हे इतर मिस्त्रींना शिकवत असे. त्या दिवशी त्याने ते केले नाही, कारण सांगून झाले होते.

तिसऱ्या दिवशी त्याने इंजिन खालून उघडले. ऑइल पुरेसे निघाले. बेअरिंगे एकसारखी करडी होती, झीज कुठेच नव्हती. मग त्याने इंजिनाच्या पुढची पुली हाताने हलवून पाहिली. ती हलली; टकटक तिचीच होती. तिला धरून ठेवणारा मोठा नट सैल होता. तो सुटू नये म्हणून त्याखालच्या पत्र्याच्या वॉशरची कड नटावर दुमडतात. ही कड सरळच होती. चार महिन्यांपूर्वी याच गाडीची टायमिंग चेन वसंताने बदलली होती. त्यासाठी पुली काढून परत बसवली होती ती त्यानेच.

त्याने नट आवळला, कड दुमडली. चांगली बेअरिंगेही बदलली, कारण बेअरिंग गेले असे चारचौघांत म्हटले होते. टकटक गेली.

"कान हायेत का काय बाबा तुझे!" अप्पाराव म्हणाले. एका वाक्यात सगळे सांगून टाकता आले असते. वसंताने फक्त मान हलवली.

व्यापारी एकमेकांना ओळखून असतात. मच्छिंद्रला नवीन जालन्यात पुन्हा कोणी गाडी दिली नाही. तो आष्टीला परत गेला आणि बाजारात पोती उतरवू लागला. एकदा बंद पडलेली जीप आणायला वसंता तिकडे गेला होता. मच्छिंद्र समोरून येताना दिसला, तेव्हा वसंता बाजूच्या गल्लीत शिरला. बाकावर बसून बिघाड सांगणे त्याने सोडून दिले होते. "मिस्त्री, ऐकायला कमी येऊन राह्यलं का?" लोक विचारत. "हो," तो म्हणे.

१९९१मध्ये एक बाई गॅरेजात आली.

"वळखलं का, दादा? अप्पासाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर व्हते, त्यांची बायको मी. द्वारकाबाई." ती उभ्यानेच बोलत होती. "यांना एका कंपनीत जीप चालवायला मिळून राह्यली. पर तिथले साहेब आधी अप्पासाहेबांना इचारणार. तुमचं ते ऐकतेत. इंजिनच लै जुनं व्हतं, एवढं सांगा. यांची चूक झाली आसंल, पर तीन वर्षं लै झाली, दादा."

वसंता "बरं" म्हणाला. तिने मागितले तेवढेच सांगायचे ठरवून तो दुसऱ्या दिवशी अप्पारावांच्या दुकानात गेला.

"अप्पासाहेब, ते इंजिनच जुनं व्हतं."

"मंग तवा तू ऑइलचं का म्हणला?"

वसंताला पुढचे खोटे तयार सापडले. ते बोलायला त्याने तोंडही उघडले.

"नट माझा सैल राह्यल्ता," तो म्हणाला. "बेअरिंग बराबर व्हतं. मच्छिंद्रची चूक न्हाई."

अप्पारावांनी समोरचे कपाशीच्या बियाण्याचे पाकीट बाजूला सरकवले. "तीन वर्षं मी लोकाला सांगून राह्यलो, ड्रायव्हरनं इंजिन खाल्लं म्हणून."

"हो."

"आन तू ऐकून राह्यला."

"हो."

अप्पारावांनी त्याला चहा विचारला नाही. फोन उचलून कंपनीचा नंबर फिरवला. त्यानंतर त्यांची गाडी वसंताकडे कधी आली नाही.

मच्छिंद्रला नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यात द्वारकाबाई पिशवीभर शेंगा घेऊन आली. "तुमच्या शब्दानं झालं, दादा," ती म्हणाली. वसंताने शेंगा ठेवून घेतल्या. खरे सांगितले नाही.

कंपनीची जीप सर्व्हिसिंगला त्याच्याकडेच येऊ लागली. मच्छिंद्र ती सोडायचा आणि काम होईपर्यंत बाहेर थांबायचा. तिसऱ्या खेपेला वसंता हात पुसत त्याच्याजवळ गेला.

"मच्छिंद्र, मला एक सांगायचं व्हतं."

"अप्पासाहेबांनी सांगितलं. तवाच."

वसंताने विचारले, "मंग गाडी इथं कामून आणतो?"

"दुसरीकडं नेली तर घरी कारण सांगावं लागंल. ती तुम्हाला देवमाणूस म्हणून राह्यली. यंदा राखी घेऊन येणार हाय म्हणं." मच्छिंद्रने हात पुढे केला. "पाना द्या. नट मी बघतो."

तो जीपखाली शिरला आणि एकेक नट आवळून पाहू लागला. वसंता शेजारी उभा राहिला, मागेल तो पाना देत. एकही नट सैल सापडला नाही. पुढच्या खेपेला गाडी आणली, तेव्हाही मच्छिंद्रने पाना मागितला.