वानखडेभाऊंचा स्लॅब

सिमेंट फार दिवस ठेवलं की गोठतं. पोतं बाहेरून तसंच दिसतं, आत दगड! किश्श्यांचं उलटं आहे. ते ठेवले की फुगतात. बडनेरा रोडवर माझं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. समोर एक बाकडं आहे. त्या बाकड्यावर रविवारी सकाळी जे बोललं जातं ते विकता आलं असतं, तर मला सळाखी विकायची गरज पडली नसती.

आणि त्या बाकड्यावरचा सगळ्यात मोठा माल म्हणजे इन्कम टॅक्स.

त्याला कारण मीच. एका वर्षी मी माझं रिटर्न स्वतः भरलं. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण बजेटचा पेपर पेन्सिल घेऊन वाचायची सवय आहे. भरलं, आणि नोटीस आली नाही. एवढ्यावर लोकांनी मला तज्ज्ञ ठरवून टाकलं. तेव्हापासून समजावतो आहे. अजून एकाला समजलेलं नाही.

*

सुरुवात कशी झाली ते ऐका. वरूडचे गुल्हाने म्हणून माझे दोस्त आहेत, संत्र्याचे व्यापारी. अमरावतीला घर बांधत होते, त्यामुळे रोजचंच येणं. एकदा त्यांनी विचारलं, "बबनभाऊ, मले टॅक्स किती लागन?"

मी म्हटलं, "आधी सांगा, तुमचा स्लॅब कोणता?"

ते म्हणाले, "पाच इंची!"

मी हसलो. ते हसले नाहीत. उलट घाबरून विचारलं, "कावून? सहा इंचीले कमी लागते काय?"

*

पण गुल्हानेंचं सोडा, त्यांचं त्यात काही जात नव्हतं. जात होतं ते वानखडेभाऊंचं.

वानखडेभाऊ अकोल्याला एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. राहायला अमरावतीत, रोजचं अपडाऊन. माणूस इतका सरळ की रस्त्यात सापडलेला पेन ऑफिसात जमा करील. त्यांचे अधीक्षक साहेब प्रमोशनवर वर जाणार होते, आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर वानखडेभाऊंचं नाव निघालं होतं. रिटायरमेंट जवळ आलेली. म्हणजे ही खुर्ची मिळाली तर मिळाली. पेन्शनही वाढणार.

एका रविवारी आले. जय भीम झालं, चहा झाला. मी म्हटलं, "पेढे कधी?"

म्हणाले, "कायचे पेढे? मी प्रमोशन नाकारून राह्यलो."

"कावून?"

"स्लॅब बदलते ना भाऊ! आता मी पाच टक्क्यात हावो. पगार वाढला का दहा टक्क्यात जातो. समद्या पगारावर दहा टक्के! त्यापेक्षा आहे ते बरं."

मी म्हटलं, अरे देवा. हा माणूस चुकीच्या गणितापायी खुर्ची सोडायला निघाला. कपाटातून कागद काढला आणि पाच मजल्यांचं घर काढलं. आमचा धंदाच तो!

"हे पाहा. तळमजल्यावर चार लाख मावतात. त्यांना भाडं नाही. जागा भरली की पुढचे पैसे पहिल्या मजल्यावर, चार ते आठ. तिथं शेकडा पाच भाडं. तो भरला की त्याच्या वरचे दुसऱ्या मजल्यावर, आठ ते बारा, शेकडा दहा. वरचा मजला महाग आहे, पण तिथं जेवढे गेले तेवढ्यांनाच! खालच्यांचं भाडं वाढत नाही."

वानखडेभाऊंनी घर बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "भाऊ, मानूस वरच्या मजल्यावर गेला का पुरा जाते का अर्धा?"

"पुरा."

"पाय खाली अन् डोकं वर, असं तं रायत नाई ना?"

"नाही."

"मंग!"

आणि चहाचे पैसे देऊन गेले. मी त्या घराकडे पाहत बसलो.

*

अंजनगावचे एक रिटायर्ड गुरुजी येतात. शाळेत गणित शिकवायचे, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी गावच्या वाचनालयाच्या बांधकामाला अकरा हजारांची देणगी दिली. चेकनं, पावतीसकट. कोणीतरी कानात सांगितलं होतं, गुरुजी, देणगीची वजावट मिळते.

गुरुजी खुशीत आले. "बबनराव, अकरा हजार परत कधी येतात?"

मी म्हटलं, "गुरुजी, वजावट टॅक्समधून नाही, उत्पन्नातून होते. त्यातही या पावतीची निम्मीच रक्कम धरतात. म्हणजे तुमचं उत्पन्न साडेपाच हजारांनी कमी झालं असं समजायचं. तुम्ही जुन्या पद्धतीनं भरता, वीस टक्क्यांत बसता. तुमचे वाचले अकराशे."

गुरुजींनी डोळे मिटून हिशेब केला. बरोबर आला. गणिताचे मास्तर, चुकणार कसे? डोळे उघडून म्हणाले,

"मंग उरलेले नऊ हजार नऊशे वाचनालयाले मागू काय?"

*

गुल्हानेंचं घर स्लॅबपर्यंत आलं तसा त्यांचा अभ्यासही वाढला. एके दिवशी म्हणाले, "भाऊ, मले टॅक्सच नाई! शेतीचं उत्पन्न माफ असते. संत्रं शेतातच पिकते ना?"

"शेत कोणाचं?"

"शेतकऱ्याचं."

"तुम्ही काय करता?"

"मी बगीचा घेतो, माल तोडतो, दिल्लीले धाडतो."

"मग माफी शेतकऱ्याला. तुम्ही व्यापारी. मी सिमेंट विकतो म्हणून काय इंजिनिअर झालो?"

गुल्हाने म्हणाले, "झालेच ना! बाकड्यावर लोकाइले स्लॅब कोन शिकवून राह्यलं?"

*

मध्ये वानखडेवहिनी दुकानात येऊन गेल्या. घरच्या ओट्याला सिमेंट पाहिजे, हे निमित्त. पोतं रिक्षात टाकून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, यायले समजावा. सारी नोकरी दुसऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून सह्या घेन्यात गेली. एक वर्ष तरी ह्याइनं बसून सह्या कराव्या, इतकीच माही इच्छा हाये. पैशाचं मी पायीन."

मी शब्द दिला. द्यायला नको होता.

पुढच्या रविवारी मी गुल्हानेंनाच पुढं केलं. म्हटलं, वानखडेभाऊंना मजले नाही समजत, संत्री समजतील. आणि खरं सांगतो, गुल्हाने त्या दिवशी असं बोलले की मी थक्क झालो!

"वानखडेभाऊ, संत्र्याची छाटणी पाह्यली का तुमी? बारीक माल येगळा, मधला येगळा, मोठा येगळा. ज्याचा त्याचा भाव. आता मोठ्या मालाले चांगला भाव भेटला, म्हनून बारीक मालाचा भाव बदलते काय?"

"नाई."

"तसाच टॅक्स! वरच्या पैशाचा रेट वरच्यालेच. खालचा पैसा आपल्या जागी."

मला वाटलं, उठून गुल्हानेंच्या पाया पडावं. वानखडेभाऊंचाही चेहरा उजळला. मान हलवली, "बराबर हाये." मी गल्ल्याकडे वळलो, भज्यांसाठी पैसे काढायला.

मागून वानखडेभाऊंचा आवाज आला, "पन गुल्हानेभाऊ, तुमी तं बगीचा झाडावरच ठोक्यानं घेता ना? बारीक-मोठं काई पायत नाई. सरसकट!"

"हाव."

"सरकार तं तुमच्यापेक्षा मोठं गिऱ्हाईक हाये. ते कायले छाटत बसन?"

गुल्हाने माझ्याकडे पाहू लागले. खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, सरकार सरसकट घेते काय?"

म्हणजे समजलेला एक होता, तोही गेला!

*

शेवटी एका रविवारी मी वानखडेभाऊंच्याच घरी गेलो. वहिनींनी पोहे टाकले. मी म्हटलं, मजले नको, संत्री नको. वानखडेभाऊ, सरळ पगाराचा आकडा सांगा.

वानखडेभाऊ पंख्याकडे पाहू लागले. आपल्याकडे माणूस पोटातल्या ऑपरेशनचा टाका चारचौघांत दाखवील, पगार दाखवणार नाही! इतके रविवार मी आकड्याशिवायच शिकवत होतो.

वहिनींनी आतूनच सांगितलं, "साडेआठ लाख. वाढला तं सव्वानऊ होते."

मी हिशेब करायला घेतला. साडेआठातून नोकरदाराची पंचाहत्तर हजारांची सरसकट वजावट काढली, राहिले पावणेआठ. पाच टक्क्यांचा स्लॅब. सव्वानऊतून तीच काढली, राहिले साडेआठ. दहा टक्क्यांचा स्लॅब. म्हणजे स्लॅब बदलत होता, तिथं वानखडेभाऊंचं बरोबर! पण नव्या पद्धतीत बारा लाखांच्या आतल्याला हा निघालेला सगळा टॅक्स माफच आहे.

मी पेन खाली ठेवलं. "वानखडेभाऊ, आता तुम्हाला टॅक्स किती कापतात?"

"काईच नाई."

"प्रमोशननंतर किती लागेल माहीत आहे?"

"किती?"

"काहीच नाही!"

 वहिनी झारा हातात घेऊन दारात उभ्या. वानखडेभाऊंनी तो कागद उचलला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"म्हंजे शून्याचे पाच टक्के अन् शून्याचे दहा टक्के?"

तसंही नव्हतं ते. पण मी म्हटलं, "हो! अगदी तसंच!" इतक्या लांबून आलेला माणूस, दारातून परत कशाला पाठवा?

"मंग मी कायले नाकारून राह्यलो होतो?"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग वानखडेभाऊ एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मी तं नकाराचा अर्ज साहेबाजवळ देऊन टाकला."

"कधी?"

"मंगळवारी. पन साहेबानं अजून वर धाडला नाई. टेबलाच्या खनात हाये. कारन बरोबर लिहून देल्लं होतं म्या, चांगलं दीड पान. साहेब म्हनले, ठेवा, मी नीट वाचतो."

"उद्या पहिलं काम ते. अर्ज परत घ्या!"

"हाव, उद्याच!"

पोहे थंड झाले होते. पण मी आयुष्यात इतके चविष्ट पोहे खाल्लेले नाहीत.

*

सोमवारी संध्याकाळी मी दुकानातच थांबलो. गुल्हाने थांबले. गुरुजीही थांबले, त्यांना नक्की काय चाललंय ते माहीत नव्हतं तरी. अकोल्याहून वानखडेभाऊ थेट दुकानावर उतरले. हातात पेढ्यांचा डबा! गुल्हानेंनी तर टाळीच वाजवली.

मी म्हटलं, "मिळाला अर्ज परत?"

"मियाला." डबा काउंटरवर ठेवला. "साहेबानं हासत हासत देल्ला. म्हनले, आता याचं काम नाई."

"मग झालं की! खुर्ची तुमची!"

"खुर्ची खाली नाई ना भाऊ."

"म्हणजे? साहेब वर नाही चालले?"

"नाई. त्याइनं शुक्रवारीच नकार लिहून देल्ला. स्वतःचा."

 गुरुजींनी चष्मा काढला.

मी म्हटलं, "अहो, पण का?"

"माहा अर्ज वाचला. तीनदा वाचला म्हन्ते. मंग घरी नेला, बायकोले दाखवला."

"मग तुम्ही समजवायचं ना त्यांना! काल तुम्हाला सगळं समजलं होतं!"

"समजावलं ना! मजले सांगतले, संत्री सांगतली. साहेब म्हनले, वानखडे, आता उगीच मले भरीस घालू नोका. वर कागद गेला, ते झालं."

मी खुर्चीवर बसलो. वानखडेभाऊ डब्याची दोरी सोडत होते. पहिला पेढा त्यांनी माझ्यापुढं धरला.

"हे कायचे पेढे, वानखडेभाऊ?"

"साहेबानं धाडले. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? ते मला ओळखतात कुठं?"

"अर्जात नाव होतं ना तुमचं. म्या खाली लिहलं होतं, सदर माहिती अमरावतीचे बबनभाऊ यांच्याशी चर्चा करून घेतली आहे. साहेब म्हनले, त्याइले माहा नमस्कार सांगजा. म्हना, लय वेळेवर वाचवलं."