घरातलं माणूस

चावीवाले नाना कोणतेही कुलूप उघडण्याआधी ते दार वाजवत. बोटाच्या पेराने, तीनदा. मग "आहे का कोणी?" असे विचारून काही क्षण थांबत. दाराला बाहेरून कुलूप असे, चावी हरवलेला घरमालक शेजारीच घाम पुसत उभा असे, तरीही त्यांचा हा विधी चुकत नसे. आमच्या मजल्यावरचे सावंत एकदा वैतागून म्हणाले, "अहो नाना, मी इथं उभा आहे ना? आत कोण असणार?"

"तुम्ही भायर आसात," नाना म्हणाले. "मी आत इचारतंय." आणि पुन्हा तितकेच थांबले.

मी त्यांना वीस वर्षे ओळखत होते असे सांगते, पण त्या ओळखीचा अर्थ इतकाच की मी रोज त्यांच्या पेटीसमोरून जात होते. मुलुंड पूर्वेला, आमच्या संक्रमण शिबिराच्या वळणावर, बदामाच्या झाडाखाली त्यांची हिरवी लोखंडी पेटी असे. जुनी इमारत पडायला आली की नवी बांधून होईपर्यंत सरकार जिथे तात्पुरते राहायला देते, ते संक्रमण शिबिर. आमची गिरगावातली इमारत रिकामी केली तेव्हा माझे केस काळे होते. आम्ही अजून तात्पुरतेच आहोत. मी जवळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. तिथे शांतता राखावी लागे आणि ती मला मुळातच जमत होती. जाता-येता मी नानांना नुसती मान हलवून नमस्कार करी. ते एकदा म्हणाले, "पुस्तकवाल्या ताई, तुमची मान लय बोलते. तोंडाक काय झाला?"

नाना कणकवलीकडचे. तरुणपणी गिरणीत फिटर होते. संप फसल्यावर एका सकाळी कामावर गेले, तर फाटकाला कुलूप. हत्यारांची पेटी आत राहिली आणि आदल्या दिवशी विसरलेला जेवणाचा डबाही. "कुलूप नीट बघितलं मी. एका मिनिटाचं काम होतं," ते सांगत. मग उघडले का नाही, असे मी विचारले. माझे त्यांच्याशी बहुधा ते पहिलेच पूर्ण वाक्य असावे. "गिरणी माझी नव्हती ना, ताई," नाना म्हणाले. "डबा माझा होता." पुढे त्या जागेवर काचेची उंच इमारत झाली. कधी त्या भागातून येणे झाले की ते पेटीवर बसता बसता म्हणत, "आज माझ्या डब्यावरून चालून आलो."

त्यांचा एकच नियम होता: घरातलं माणूस उभं असल्याशिवाय कुलूप उघडायचे नाही. धंदा मंदीत गेला, नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले की लोकांच्या दारांशी कागद घेऊन माणसे येत आणि त्यांना नाना हवे असत. "वाईट दिवस आले की आमचा धंदा वाढतो," ते म्हणत. "डॉक्टराचं पण तसंच, पण त्याला कोण शिव्या देत नाय." कागद ते वाचत नसत. कागद खरा आहे की खोटा हे मला कळत नाही, असे ते सरळ सांगत. घरातलं माणूस आले आणि त्याने 'उघडा' म्हटले तर ते उघडत, आणि काढलेले जुने कुलूप वर्तमानपत्रात गुंडाळून आधी त्या माणसाच्या हातात देत. ते आले नाही तर पिशवी उचलून निघत. एका वसुलीवाल्याने त्यांना विचारले होते, "तू काय कायद्याच्या वर आहेस काय रे?" नाना म्हणाले, "नाय ओ. सरकार मोठं, तुमची बँक मोठी. पण दारापर्यंत. दाराच्या आत घरातलं माणूस मोठं."

ही वाक्ये मी तेव्हा कौतुकाने ऐकली. कौतुकाला काही द्यावे लागत नाही.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या शिबिरातल्या निम्म्या खोल्यांना कुलपे लागली. कारखाने बंद, घरकामे बंद. ज्यांना गाव होते ते गावी गेले. तेरा नंबरची मंगल परभणीकडची. पिशव्या शिवण्याच्या एका कारखान्यात ती काम करी. नवरा आधीच वारलेला, पदरी दोन मुली. खोली सासऱ्यांच्या जुन्या इमारतीतल्या जागेच्या बदल्यात रीतसर मिळालेली. काम सुटून ती गावी निघाली तेव्हा तिने नानांकडून चावीची जोडी करून घेतली. मी तिच्याबरोबर उभी होते.

"दुसरी कोणाकडे ठेवणार?" कानस चालवत नानांनी विचारले.

"या मॅडमकडं. त्यांच्यासारखं खात्रीचं माणूस नाही इथं."

नानांनी चावीचे दात अंगठ्याने पुसले आणि ती तिच्या हाती न देता माझ्या हाती दिली. "मग ताई, तुम्ही पण आता तेरा नंबरच्या घरातल्या," ते म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, संबंधित कार्यालयाची माणसे आली. बंद खोल्यांत कोणी राहत नाही असे धरून त्या ताब्यात घ्यायच्या, असे वरून ठरले होते. दारावर नोटीस लागली नव्हती. लागली असती तरी परभणीला ती कोण वाचणार? सकाळची अकराची वेळ. एक साहेब, दोन शिपाई, एक हवालदार, आणि त्यांनी वळणावरून उठवून आणलेले नाना. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे राहिलो.

नानांनी तेरा नंबरचे दार तीनदा वाजवले. "आहे का कोणी?"

"अरे, नाटकं काय करतोस?" साहेब म्हणाले. "उघड."

"घरातलं माणूस आलं की उघडतो, साहेब."

"घरातलं माणूस सोडून गेलंय. म्हणून तर आलोय."

"सोडून गेलं असतं तर कुलूप कशाला लावलं असतं?"

कोणीतरी हसले. साहेबांना ते आवडले नाही. "तुझं काय जातंय रे यात? मजुरी मिळेल तुला."

"मजुरी मिळेल. हाताची पत जाईल."

साहेबांनी मग आमच्याकडे वळून विचारले, "या खोलीची चावी कोणाकडे आहे का? कोणाला सांगून गेलेत का हे लोक?"

चावी माझ्या चष्म्याच्या घरात होती आणि ते घर माझ्या हातात होते. मला एवढेच म्हणायचे होते की माझ्याकडे आहे, ती बाई परत येणार आहे. पण त्यापुढे मला विचारतील, तुम्ही कोण, तुमचे कागद दाखवा, दुसऱ्याची सरकारी खोली सांभाळण्याचा तुम्हाला काय अधिकार. आणि माझ्या भाडेपावत्यांवर आईच्या नावाच्या जागी माझे नाव लावण्याचा अर्ज सात वर्षे पडून होता. हे सगळे एका श्वासात मनात आले. तो श्वास मी सोडलाच नाही.

नानांना ठाऊक होते. ती चावी त्यांनीच घडवली होती आणि माझ्याच तळहातावर ठेवली होती. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे पाहिले असते तरी साहेबांची नजर त्या दिशेने वळली असती. त्यांनी पाहिले नाही. माझ्याकडे पाठ करून ते पुन्हा दाराशी गेले, पुन्हा तीनदा वाजवले, आणि या वेळी जरा मोठ्याने विचारले, "आहे का कोणी?" एरवी थांबत त्याहून पुष्कळ अधिक थांबले. इतके, की शिपायांनी घड्याळ पाहिले. कुलूप लावलेल्या रिकाम्या खोलीला ते दुसऱ्यांदा का विचारत होते, हे तिथे फक्त मला कळले.

मग त्यांनी पिशवी उचलली. "नाय उघडत मी, साहेब," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

शिपायांनी कटर आणून कुलूप कापले. आतला गॅस, मुलींची दप्तरे, भिंतीवरची तसबीर, सगळे गोणींत भरले गेले. पंच म्हणून सही करायला दोन माणसे हवी होती. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता," साहेब नम्रपणे म्हणाले. कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. आयुष्यभर पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिक्का नीट बसला आहे की नाही हे तपासणाऱ्या मी कोऱ्या कागदावर सही केली. माझे अक्षर चांगले आहे.

आठवडाभराने अतिक्रमणाची गाडी आली आणि वळणावरची फक्त हिरवी पेटी घेऊन गेली; शेजारचा नारळवाला आणि चप्पल दुरुस्त करणारा तसेच राहिले. दोन गोष्टींचा संबंध कोणी सिद्ध करू शकणार नाही. नाना दुसऱ्या दिवशी गोणपाटावर बसलेले दिसले. पुढ्यात एक कानस आणि दहा-बारा कोऱ्या चाव्या. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. ते काही बोलले असते तर मला बरे वाटले असते. पण ते पूर्वीसारखेच वागत राहिले. त्यानंतर वर्षभर मी कामाला मागच्या गल्लीने जात राहिले. लांब पडे.

मंगल परतली तेव्हा तिच्या दारावर लाखेचे सील होते, आणि काही महिन्यांनी तिथे दुसरे कुटुंब आले. ती मुलींना घेऊन मानखुर्दला भाड्याच्या खोलीत गेली. जाण्याआधी तिने मला पंचनाम्याची नक्कल दाखवली. तिला इंग्रजी वळणाच्या सह्या वाचता येत नव्हत्या. कोऱ्या भागात आता मजकूर होता: शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता, चावी कोणाकडेही नसल्याचे समजले. त्याखाली माझी सही. मी कागद घडी करून परत दिला आणि तिला चहा दिला.

नाना शेवटचे आले ते गावी जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी. खोकला वाढला होता. मुलगा न्यायला आला होता. शिबिरात दिवसा कोणी दारे लावत नाही. माझेही उघडेच होते. तरी त्यांनी चौकटीवर तीनदा वाजवले. "आहे का कोणी?"

"आहे ना, नाना. या."

ते आत आले नाहीत. खिशातून तेलाची बाटली काढून त्यांनी माझ्या कुलपात दोन थेंब सोडले, चावी फिरवून पाहिली. मग त्या विषयावर ते पहिल्यांदा आणि अखेरचे बोलले.

"ती चावी हा मा जाग्यावर?"

"आहे."

"टाकू नका."

"आता तिचा काय उपयोग, नाना? कुलूपच राहिलं नाही."

"उपयोग माका ठाऊक नाय, ताई," ते म्हणाले. "ती तुमची नाय, एवढा ठाऊक हा."

जिन्यात त्यांचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता. चार महिन्यांनी नारळवाल्याने सांगितले की नाना गेले. नंतर वळणावर कोणी दुसरा चावीवाला बसला नाही. बदामाच्या बुंध्याशी पेटीच्या पायांच्या चार खुणा सिमेंटमध्ये अजून आहेत.

त्यानंतरच्या रविवारी मी मानखुर्दला गेले. मंगलचे दार अर्धवट लोटलेले होते. मी तीनदा वाजवले आणि थांबले. ती बाहेर आली, हाताला कणीक होती. मी चष्म्याचे घर उघडून चावी तिच्यापुढे धरली. त्या दिवशी ती माझ्याकडे होती, मी दारात उभी होते, मला विचारले होते, आणि त्या कागदावरची सही माझी आहे, हे मी तिला सांगितले.

तिने हाताची कणीक पदराला पुसली. "मला वाटलेलं तुम्ही त्या दिवशी बाहेर गेला असाल," ती म्हणाली. "मी पोरींना तसंच सांगितलं. मॅडम असत्या तर असं झालं नसतं म्हणून."

मोठी मुलगी दप्तरावर वही ठेवून लिहीत होती. तिने लिहिणे थांबवले, पण मान वर केली नाही.

"हे लिहून द्याल का?" मंगलने विचारले. "खोलीसाठी केस केलीय. वकील म्हणतात, शेजाऱ्यांपैकी एकानं तरी लिहून द्यायला पाहिजे."

इतरांनी लिहिलेले जपण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. स्वतःचे म्हणून काही लिहिण्याची ती पहिलीच वेळ. निवृत्तीनंतर लिहायला कशाने लागलात, असे कोणी विचारले तर हे सांगणे मला अवघड जाते. त्या कागदाचे पहिले वाक्य होते: दिनांक अमुक रोजी सदर खोलीची चावी माझ्याकडे होती. ते लिहायला मला सबंध दुपार लागली. त्यामुळे माझा नावाचा अर्जही आता बाहेर काढला गेला आहे आणि मला खुलाशाचे पत्र आले आहे. मंगलच्या सुनावणीला तारखा पडत आहेत. चावी तिने घेतली. गेल्या तारखेला ती तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात दिसली.

कधी दुपारी शिबिर झोपलेले असताना चौकटीवर टकटक ऐकू येते. तीनदा. मी उठून दाराशी जाते. गॅलरी रिकामी असते, तेरा नंबरसमोर कोणाचे तरी कपडे वाळत असतात. मी तिथे थोडी थांबते. मग, कोणी ऐकत असो वा नसो, मोठ्याने म्हणते, "आहे."