बिननावाच्या कॉलनीचं गेट

आईची तिरडी आमच्या खांद्यावर होती आणि कॉलनीचं गेट बंद होतं.

वॉचमन ओळखीचा. मी शाळेची व्हॅन चालवायचो. रोज सकाळी कॉलनीतल्या पोरांना न्यायला आलो की हॉर्न वाजवायच्या आधीच तो गेट उघडायचा. त्या दिवशी मान वर करेना. "हिंदिंद होग्री, अण्णा," म्हणाला. मागनं जावा.

आत कॉलनीचे अध्यक्ष उभे होते. जाळीतूनच बोलले, "तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण आत लहान मुलं आहेत. घाबरतात."

ती मुलं रोज माझ्या व्हॅनमध्ये बसत. कुणी ओकलं तर मीच पुसायचो. त्यांना मी चालत होतो. माझी मेलेली आई चालत नव्हती.

बेळगावपासून अर्ध्या तासावरची ही कॉलनी. चाळीसेक बंगले, एक बाग, एक देऊळ. आधी इथं भाताची शेतं होती आणि शेतांमधनं आमच्या खालच्या गल्लीची मसणवाटीला जायची वाट. प्लॉट पडले तेव्हा त्याच वाटेवर मोठा रस्ता झाला. मग गेट आलं. दिवसा उघडंच ठेवू, कॉलनीवाले म्हणाले. आमच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. कागद मागितला नाही. वरच्या माणसाकडं कागद मागायची आम्हाला सवयच नव्हती.

कॉलनीला अजून नाव नाही. कमानीवर मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावरून निम्मी घरं निम्म्यांशी बोलत नाहीत. कमान कोरीच. आम्हाला अडवायला मात्र सगळे एक. गेटावर पाटी, 'अंत्ययात्रेस प्रवेश नाही.' वर कन्नड, खाली मराठी. दोन्हीकडं अक्षर सुंदर.

वीस वर्षं आईनं तो रस्ता झाडला. ती गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॉलनीतले एक रिटायर साहेब वारले. आई उजाडायच्या आत गेली आणि दोनदा झाडून आली. "पावनं येनार, घाण दिसाय नको," म्हणाली. साहेबांची फुलांनी मढवलेली गाडी त्याच रस्त्यानं गेली. मुलं गॅलरीतनं बघत होती. एकही घाबरलं नाही.

मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. खोटं कशाला सांगू, मला नोकरी दिसली. पुढचा खांदा माझा होता. मीच म्हणालो, "वळवा." मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणालो, "वळवा रं."

मागं ओढा. श्रावणातलं पाणी गुडघ्याच्या वर. मध्यावर माझा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईची पावलं पाण्यात गेली. आक्का, म्हणजे आईची थोरली बहीण, पदर खोचून मागनं येत होती. ती पुढं झाली. आईच्या टाचा तिनं दोन्ही हातांत उचलून धरल्या आणि पलीकडचा काठ येईपर्यंत सोडल्या नाहीत. भेगा पडलेल्या टाचा. जेवायला बसलो की मला त्या दिसतात. घास उतरत नाही.

बारावं झालं आणि अध्यक्षांनी बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणाले, "आईच्या जागी तुझ्या बायकोला पाठव. तुम्ही काय, घरातलीच माणसं."

मी म्हणालो, "घरातल्या मान्साचं मढं वड्यातनं न्हेत न्हाईत, साहेब."

त्यांच्याशी मान वर करून बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. भरला कप टेबलावर ठेवला आणि घरी आलो.

मग सर्व्हे ऑफिसात अर्ज केला. चार खेपा घातल्या तेव्हा जुना नकाशा हातात पडला. त्याच रस्त्याच्या जागी कन्नडमध्ये लिहिलंय, स्मशानाची वाट. झेरॉक्स काढून गेटावर चिकटवली. त्यांनी फाडली. परत चिकटवली. आठवड्यात व्हॅनमालकानं मला घरी बसवलं. त्यानंतर कमिटीचा माणूस तडजोड घेऊन आला. न्या म्हणे गेटातनं, पण पहाटे पाचच्या आत, बंद गाडीतनं, आवाज न करता.

गल्लीत बैठक बसली. कमिटीचा माणूस दारातच उभा होता. गल्लीतले सगळ्यात वडीलधारे आप्पा म्हणाले, "मिळतंय तेवढं घ्या की रं. कशाला वाकडं घ्या त्यांच्याशी?" बऱ्याच माना हलल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या बायका-पोरी अजून त्याच बंगल्यांत भांडी घासतात.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. ओढ्यातनं आल्यापासून तिनं अंथरूणच धरलंय. उचलून आणली होती तिला. हळूच म्हणाली, "मला चोरून नगा न्हिऊ. उनात न्ह्या. पोरं शाळंला जायच्या टायमाला."

आप्पांनी डोळे पुसले.

मी उठलो आणि कमिटीच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. आता नकाशा जोडून तहसीलदारांकडं अर्ज दिलाय. उत्तर नाही. आक्का जेवत नाही, दोन घोट पाणी घेते. उत्तराच्या आधी ती गेली तर आम्ही तिला घेऊन गेटासमोर उभं राहू. अख्खा दिवस लागला तर खांदे बदलू. पोलीस आले तर त्यांना नकाशा दाखवू.

आईला मी वळवलं. आक्काला वळवणार नाही.