बीरगंजच्या नाक्यावर जीपचा मालक

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांच्या गोष्टी ऐकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. सत्तरच्या दशकात मी सांगलीत मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर होतो. विश्रामबागला राहायचो आणि सातारा-सांगली भागात कुठे गाडी ठोकली की तपासायला जायचो. खंबाटकी घाटात कठड्यावर गाडी घातलेला ड्रायव्हर हमखास सांगायचा, "साहेब, बाई आडवी आली." मी ऐकून घ्यायचो आणि खाली वाकून ब्रेकचे लायनर बघायचो. ते झिजलेलेच असायचे. अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणूनच पुढचं सगळं मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही...

माझी थोरली बहीण, अक्का, इस्लामपूरजवळच्या एका गावात दिलेली. तिचे मिस्टर, आमचे दाजी, फौजेत सुभेदार होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. मग रान असो, बाजार असो, जीपशिवाय ते हलत नसत. माणूस मोठा हसरा, पण घरात शब्द त्यांचाच चालायचा. अक्काला ते कायम म्हणत, "एक डाव तुला ह्याच जीपनं नेपाळला न्हेतो. पशुपतीचं दर्शन घिऊ." ते राहूनच गेलं. एका सकाळी उसाला पाणी पाजताना जरा टेकतो म्हणून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

वर्ष उलटलं आणि एक दिवस अक्का सांगलीला माझ्या दारात उभी. तिच्याकडे बघून मला धस्स झालं. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले.

"बाळू, मला नेपाळला घिऊन चल. त्यांच्याच जीपनं."

"अगं, रेल्वेनं जाऊ की. एवढ्या लांब जीप कशाला?"

"न्हाई. जीपच पायजे."

कारण काही सांगेना. माझी बायको सुमन मला आत बोलावून म्हणाली, "न्या त्यांना. नाहीतर ह्या बाई काही वाचत नाहीत."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, पण गाडीला कागद लागतात. सीमेवर आरसी बुक, लायसन, इन्शुरन्स दाखवायचा, की त्यांचं कस्टम, ज्याला तिकडे भन्सार म्हणतात, ते गाडीला परवाना देतं. मालक गाडीत हवा, नसेल तर त्याचं संमतीपत्र हवं. आमचं घोडं इथंच अडलेलं. जीप अजून दाजींच्याच नावावर होती, वारसाच्या नावावर व्हायचं काम आरटीओत पडून होतं. गेलेल्या माणसाचं संमतीपत्र आणायचं कुठून? मी दाजींच्या मृत्यूचा दाखला घेतला, अक्का वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, दोन्हींचं हिंदी भाषांतरही सोबत ठेवलं. कागदांच्या बाबतीत आपण पक्के!

दिवाळीनंतर निघालो. मी गाडी चालवणार, शेजारी सुमन, मागे अक्का. निघताना मागच्या सीटवर डावीकडे मी वळकटी ठेवली, तर अक्कानं ती उचलून पायाशी घेतली. "हितं काय ठिवू नगं." मला वाटलं, दाजींची आठवण असेल. सबंध प्रवासात ती जागा तिनं रिकामी ठेवली. पाय आखडायचे तिचे, पण नाही म्हणजे नाही.

मजल दरमजल करत आम्ही बिहारच्या सीमेवरचं रक्सौल गाठलं. पलीकडे बीरगंज, नेपाळचा नाका. सकाळची वेळ, चांगलंच ऊन पडलेलं, पण हवेत गारठा होता. बायका जीपमध्येच बसल्या आणि मी कागद घेऊन खिडकीशी गेलो. आतल्या कारकुनानं आरसी बुक चाळलं, मान उंचावून बाहेर उभ्या जीपकडे पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा, मालिक साथ में हैं."

"जी नहीं, मालिक तो गुज़र गए हैं," मी दाखला पुढे केला.

तो हसला. "क्यों मज़ाक करते हैं साहब? सूबेदार साहब पीछे बैठे तो हैं. बैठने दीजिए, ठंड है." दाखल्याकडे त्यानं बघितलंही नाही. परवान्यावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

मी वळून पाहिलं. मागे अक्का एकटीच होती, डोक्यावरून तपकिरी शाल घेतलेली. म्हटलं, ह्यानं तिलाच पुरुष समजलं असणार. पण सुभेदार? आरसी बुकात नुसतं नाव होतं, हुद्दा नव्हता... परवाना हातात पडला होता, त्यामुळे मी फार खोलात शिरलो नाही. त्या दोघींनाही काही बोललो नाही.

घाटाचा रस्ता फार अवघड, पण जीप अशी चढली की मीच चकित झालो. काठमांडूला पोचलो, पशुपतीचं दर्शन झालं. अक्का गाभाऱ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. सुमन सांगते, ती काहीतरी पुटपुटत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा झालेला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. परत निघताना तिनं आपल्या हातानं वळकटी उचलून डाव्या सीटवर ठेवली. मला बरं वाटलं.

बीरगंजला परत आलो तर तोच कारकून. परवाना घेऊन तो स्वतः जीपपाशी आला आणि आत डोकावला. "सूबेदार साहब कहाँ हैं?"

मी परत तेच सांगितलं, ह्या खेपेला दाखला त्याच्या हातात कोंबला. त्यानं वाचला. पुन्हा वाचला. त्याचा चेहरा उतरला आणि लगेच आवाज चढला. मालक गाडीसोबत आत आला होता, आता गाडी आहे आणि मालक नाही. माणूस कुठे सोडलात? त्याचं काय केलंत? जीप बाजूला लावायला लावली, चावी काढून घेतली. मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं. परक्या मुलखात दोन बायका घेऊन मी, आणि वर्षापूर्वी चितेवर गेलेल्या माणसाचा हिशोब मागतायत!

साहेब वयस्कर आणि शांत होते. म्हणाले, ह्या एकट्याची चूक झाली असेल. तेव्हा फाटकावरचा शिपाई पुढे झाला. म्हणाला, मीसुद्धा पाहिलंय. त्या दिवशी गाडी इथं उभी होती तेव्हा सुभेदार साहेब खाली उतरले होते.

अक्का जीपमधून उतरली आणि सरळ त्याच्यासमोर गेली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "कैसे उतरे वो?"

शिपायानं करूनच दाखवलं. आधी उजवा पाय खाली, मग डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून उचलायचा आणि बाहेर ठेवायचा.

दाजींच्या डाव्या गुडघ्याला फौजेत असताना मार लागला होता. जीपमधून ते अगदी असेच उतरत.

"ग़ुस्से में थे?" अक्कानं विचारलं.

"नहीं माताजी. हँस रहे थे. बोले, आख़िर ले ही आया इसको."

अक्का तिथंच मातीत बसली. रडली नाही. मग साहेबांनी आमचे सगळे कागद तपासले, तिघांचे जबाब घेतले, परवाना रद्द केला आणि चावी माझ्या हातात दिली. "जाइए," एवढंच म्हणाले. आमच्या नजरेला नजर काही त्यांनी दिली नाही.

रक्सौल ओलांडून मी रस्त्याकडेला जीप थांबवली. मागून अक्का बोलायला लागली.

"बाळू, ते गेल्यापास्नं रोज पहाटं जीपचा हारन वाजायचा. घरात दुसऱ्या कुणाला ऐकू यायचा न्हाई. मी भाईर येऊन बघायची, तर जीप गोठ्याम्होरं उभी, आन आत ते. म्हणायचे, चल की, निघायचं न्हवं? वरीसभर रोज. म्हणून आले. पशुपतीला म्हटलं, तुझं दर्शन झालं, ह्यांचा शबूद पुरा झाला. आता ह्यांस्नी तुझ्यापाशी ठिवून घे. माझ्यासंगं धाडू नगं."

सुमननं मागे वळून तिचा हात धरला. "मग सुटलात की तुम्ही, अक्का."

"मी सुटले गं." अक्का नाक्याच्या दिशेला बघत होती. "पर त्यांस्नी घरला यावं वाटलं तर? परवाना तर सायबानं रद केला. त्यांस्नी आता हिकडं कोण सोडंल?"

मी जीप सुरू केली.

नंतर मी खूप डोकं लढवलं. शाल, थंडी, कारकुनाचा गैरसमज — सगळं धरून बघितलं. पण त्या गुडघ्यापाशी माझं लॉजिक संपतं. आजही माझ्याकडे ह्याचं एक्स्प्लनेशन नाही. अक्काला पुढे पुष्कळ आयुष्य मिळालं. हॉर्न पुन्हा कधी ऐकू आला नाही. पण साखर कारखान्यावर कुणी नवा गुरखा आला की ती त्याला घरी बोलवायची, जेवू घालायची, आणि तो हात धुऊन उठला की हळूच विचारायची, "तिकडं आमचे सुभेदार दिसले का रं कुठं?"