कुलवृत्तांतातला रिकामा रकाना

लोणी काळभोर मागे पडलं तरी संगणकाकडून माहिती कशी मागवावी यावरचं दिगंबरकाकांचं व्याख्यान संपलं नव्हतं. दर संकष्टीला हडपसरहून थेऊरला पायी जायचं, हा त्यांचा आणि पुतणी हेमाचा आठ वर्षांचा नेम. उपासाने हेमाचा आवाज बारीक व्हायचा, काकांचा चढायचा.

"क्वेरीत आधी टेबलांची नावं, मध्ये स्वल्पविराम. जुळणीच्या अटी सगळ्या खाली, व्हेअरमध्ये. तीस वर्षं असंच लिहिलं आणि सुखाने निवृत्त झालो. तुम्ही आयटीवाले प्रत्येक टेबल जोडताना वेगळा जॉइन लिहिणार. एका पंगतीला दहा आमंत्रणं."

"बरं," हेमा म्हणाली.

तिच्या पिशवीत घराण्याच्या कुलवृत्तांताची मुद्रितं होती. साडेसहाशे माणसांची माहिती काकांनी चार वर्षं घरोघर जाऊन, कधी उंबऱ्यावरूनच परत फिरून, गोळा केली होती. त्या माहितीच्या तक्त्यांतून यादी काढणारी संगणकाची आज्ञा, म्हणजे क्वेरी, हीही त्यांचीच. सोमवारी सगळं छापखान्यात जायचं होतं. शुद्धलेखनाच्या नव्वद चुका त्यांनी लाल शाईने काढल्या होत्या. एक्क्याण्णवावी हेमाला सापडली होती, आणि ती कशी सांगावी हे सकाळपासून सुचत नव्हतं.

"काका, यादीत शकूआत्या नाही."

शकूआत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, नर्सची नोकरी करून भावाला शिकवलं.

"नसायला काय झालं? तिचा फॉर्म मी स्वतः भरलाय."

"तुम्ही व्यक्तींचं टेबल विवाहांच्या टेबलाशी जुळवलंत. ज्यांचं लग्नच नाही त्यांची तिथे ओळ नाही, म्हणून ती गळली. लहान मुलांची यादी वेगळी काढली, नाहीतर तीही गळली असती आणि लगेच लक्षात आलं असतं."

"तुझ्या जॉइनने काय दिवे लावले असते?"

"साध्या जॉइननेही हेच झालं असतं. पण तिथे कुठला जॉइन ते ठरवून लिहावं लागतं. लेफ्ट जॉइन लिहिला की डावीकडच्या टेबलातला माणूस यादीत राहतो; उजवीकडे जोडीदार नसला तर तेवढा रकाना रिकामा येतो."

काकांनी तिच्या पिशवीकडे बोट केलं.

"आणखी कोण गळलंय?"

हेमाने काकांकडे पाहिलं. लग्न काकांनीही केलं नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला थांबले, चष्मा पुसला.

"म्हणजे संपादक म्हणून मुखपृष्ठावर आहे," ते म्हणाले, "घराण्यात नाही."

थेऊर फाट्याला वळल्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला.

"क्वेरी तुझ्या पद्धतीने लिही. पण एवढं कर, हेमा. जोडीदाराच्या रकान्यात आपणहून 'अविवाहित' छापू नकोस, ती काही आमची ओळख नाही. शकूचा आणि माझा, रिकामाच राहू दे."